ऐंशी नंबरचा रुमाल

आमच्या सरांनी आयुष्यात कधी भाव केला नाही. रिसोडच्या बाजारात भाजीवाली जो आकडा सांगेल त्याला ते "बरं" म्हणायचे आणि पिशवी पुढे करायचे. शेवटी शेवटी भाजीवाल्याच अस्वस्थ होऊ लागल्या होत्या. एकीनं तर माझ्यादेखत त्यांना सांगितलं, "सर, जरा कमी करा म्हना न. तुमी असे गुपचूप घेता त मले वाटते म्याच चुकीचा भाव सांगतला."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चुकीचा सांगितला का?"

"नाई."

"मग बरं," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी भाव करून मोठा झालेला माणूस आहे. दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून धान्य खरेदी सुरू केली. आज मार्केट यार्डात माझं अडतीचं दुकान आहे आणि सोयाबीनच्या हंगामात वाशीमपासून कारंज्यापर्यंतचे व्यापारी आधी माझ्या तोंडाकडे पाहतात. हे कुणाच्या कृपेनं झालेलं नाही. माझा आवाज लवकर चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि चढलेल्या आवाजानं माझं आजवर नुकसान झालेलं नाही. समोरच्याकडून मला जे हवं ते मी काढून घेतो. फक्त एका माणसापुढे माझं वर्षानुवर्षं काही चाललं नाही, आणि तो माणूस म्हणजे ज्याला भाव करता येत नव्हता तोच. सरांकडे माझे चार गुण अडकले होते, बारावीच्या जीवशास्त्राचे. ते त्यांच्यामुळे गेले, एवढं त्यांनी एकदा कबूल करावं, इतकीच माझी मागणी होती.

कॉलेजात त्यांना सगळे 'ऐंशी' म्हणत. वयाचा संबंध नव्हता; मी बारावीत होतो तेव्हा सर चाळिशीच्या आतबाहेर असतील. हे नाव एका जनुकाचं होतं. पाव फुगवणारं जे यीस्ट असतं, त्याच्या पेशीतलं. शिक्षक होण्याआधी सर एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते आणि तिथे काही वर्षं त्यांनी फक्त ह्या एका जनुकाचा पाठलाग केला होता. मग डिग्री न घेताच परत आले. का आले, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. जऊळक्याच्या स्टेशनवर एक ट्रंक आणि एक थर्मास घेऊन ते उतरले आणि त्या थर्मासमध्ये चहा नव्हता, यीस्ट होतं, ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, मला पुष्कळ नंतर सांगितली. "सासूबाईनं चहा समजून कपात वतला," असं त्या सांगत. "सासऱ्यायनं अर्धा कप पेला बी. मंग हे घरभर वरडत फिरले, माया ऐंशी पेला म्हणून."

कॉलेजला येताना वाटेत एक बेकरी लागायची. सर रोज तिथे थांबायचे, पण पाव घ्यायला नाही. कणीक मळायच्या मोठ्या परातीवर वाकून ते वास घ्यायचे. बेकरीवाले चाचा वैतागून गेले होते. "सर, पाव लेना है तो लो. परात में मुंडी मत डालो, गिऱ्हाईक पाहून राह्यले."

"चाचा, तुमचं यीस्ट आज उपाशी आहे."

"मैं भी उपाशी हूँ. सकाळपासून बोहनी नाही."

तेव्हा सर एक टोस्टचा पुडा घ्यायचे, सांगितलेल्या भावानं, आणि तो स्टाफरूममध्ये ठेवून विसरून जायचे.

त्यांच्याजवळ चौकड्यांचा एक मोठा रुमाल असे. फळा पुसायला तोच, कपाळ पुसायला तोच, खडूचे तुकडे गुंडाळून ठेवायलाही तोच. त्यामुळे तासाच्या शेवटी सरांचं तोंड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसे. शिकवताना ते "समजलं का?" असं विचारत नसत. "दिसलं का?" विचारायचे. उत्तरपत्रिका देताना त्यांचं एकच सांगणं असायचं: "दिसलं तेवढंच लिहायचं. न दिसलेलं लिहून पान भरू नका." हे वाक्य मी मनावर घेतलं, आणि तिथेच माझा घात झाला.

माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. बैल विकणारा आणि बैल घेणारा यांच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. आमच्याकडे हा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. भोवती माणसांची गर्दी असते, सगळे बघत असतात, पण रुमालाखाली काय चाललंय ते तिसऱ्याला कळत नाही. हा धंदा मी कॉलेजात कुणाला सांगत नसे. वडील शेती करतात, म्हणायचो. पण सर रविवारी बाजारात नुसते हिंडायचे. त्यांनी वडिलांना पाहिलं होतं.

एक दिवस भर तासात त्यांनी मला उभं केलं. "तुझे वडील बाजारात रुमालाखाली काय करतात?"

वर्ग हसला. माझे कान तापले. मी म्हणालो, "सौदा करतात."

"मग इकडे ये आणि माझ्याशी कर."

फळ्यासमोर उभं करून त्यांनी तो खडूनं माखलेला रुमाल आमच्या हातांवर टाकला. मी त्यांची दोन बोटं धरली. "हे दोन झाले," मी सांगितलं. "तीन धरली की तीन. पूर्ण पंजा धरला की पाच. पटलं नाही तर हात हालवायचा." आता हसणं थांबलं होतं. मागच्या बाकावरची पोरंही उठून पाहत होती, तेव्हा माझी भीड मोडली आणि मी वडिलांचा नियमही सांगून टाकला. "आणि भाव कोणाले सांगाचा नाई. सौद्यातला एक जण बाजारातून निघून जाईस्तोवर त नाईच."

"का?"

"दोघंबी बाजारात असले आन् भाव फुटला, त एकाले वाटते आपण हारलो. एक जण गेल्यावर मंग काई हरकत नाई."

सरांना हे इतकं आवडलं की ते थोडा वेळ रुमाल धरूनच उभे राहिले. मग वळून फळ्यावर एक हात काढला. त्यांना चित्रकलेचं अंग काही नव्हतं. तो हात वांग्यासारखा दिसत होता.

"हा चार नंबरवाला," ते म्हणाले. "यीस्टच्या पेशीत दुधाच्या साखरेतून निघणारी एक साखर पचवायची काही जनुकं आहेत. गॅलॅक्टोज म्हणतात त्या साखरेला. जनुक म्हणजे कृती, लिहून ठेवलेली. पण लिहिलेली कृती कुणीतरी उतरवून घेतल्याशिवाय स्वयंपाक होत नाही. त्या उतरवून घेण्यालाच पुस्तकात प्रतिलेखन म्हटलंय. ते सुरू करायचा इशारा हा चार नंबरवाला देतो. हा त्या जनुकांच्या दाराशी कायम बसलेला असतो. माल नसला तरी बसलेला असतो. बोटं वर केली की काम सुरू."

मग त्यांनी वांग्यावर चौकड्या काढल्या. "आणि हा ऐंशी नंबरवाला. हा काय करतो? चार नंबरवाल्याच्या बोटांवर रुमाल टाकून बसतो. बाजारात गॅलॅक्टोज नाही, मग कशाला उगाच दुकान उघडायचं? कशाला माणसं कामाला लावायची? झाकून ठेव बोटं. ज्या दिवशी गॅलॅक्टोज येतं त्या दिवशी तीन नंबरवाला म्हणून तिसरा एक आहे, तो ते ओळखतो आणि ऐंशीला बाजूला ओढतो. बोटं मोकळी. दुकान उघडलं. दिसलं का?"

मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातली गोष्ट मला डोळ्यांसमोर दिसली, आणि ती माझ्या बापाच्या धंद्यातून दिसली. म्हणूनच बहुतेक मला तोंड उघडायचा जोर आला. मी म्हणालो, "पण सर, रुमाल काढल्यावर सौदा होत नाई. सौदा रुमालाखालीच होते."

सरांनी खडू खाली ठेवला. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर सायकल स्टँडशिवाय काही नव्हतं. मग म्हणाले, "बस खाली." आवाजात राग नव्हता. पण त्या दिवशी ऐंशीबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत.

फुग्यांचा प्रयोग त्यानंतरच्या आठवड्यात झाला. चाचांच्या बेकरीतून सरांनी यीस्ट आणलं आणि दोन बाटल्यांत टाकलं. एका बाटलीत आपली साखर, दुसऱ्या बाटलीत ती गॅलॅक्टोज, जी त्यांनी कुठल्याशा केमिकलवाल्याकडून पदरमोड करून मागवली होती. दोन्ही बाटल्यांच्या तोंडाला फुगे लावले. साखरेवरचा फुगा तासाभरात उभा राहिला. दुसरा आपला लोंबत राहिला.

"सर, तुमचा ऐंशी झोपला," मागून कुणीतरी म्हणालं.

"झोपला नाही. विचार करून राह्यला." सर पुस्तकी मराठी बोलता बोलता तापले की असे आमच्यासारखं बोलत. "त्याले माल दिसला, पण दुकान कायम बंद होतं न आजवर. भांडी घासा लागतीन, माणसं बोलवा लागतीन. थांबा जरासक."

वर्ग थांबला नाही. एसटी सुटायची वेळ झाली होती. पोरं गेली, सर आणि मी राहिलो. शिपायानं कुलूप वाजवून दाखवल्यावर आम्हीही निघालो. सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा तो दुसरा फुगा बाटलीवर ताठ उभा होता. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लोक घरी आलेल्या जावयाकडे पाहतात. "पाह्य," ते मला म्हणाले, "कृती त्याच्याजवळ कालही होती. काल ऐंशीनं उघडू दिली नाही, आज दिली. वाया काई जाऊ देत नाई हा माणूस." ते यीस्टच्या जनुकाला माणूसच म्हणायचे.

आता माझ्या चार गुणांचं सांगतो.

अभ्यासक्रमात यीस्ट नव्हतंच. तिथे होती बॅक्टेरियाची गोष्ट, लॅक ओपेरॉन नावाची. तीही दुधाच्या साखरेची, तिच्यातही एक जण कुलूप लावतो आणि साखर आली की कुलूप निघतं. पण पात्रं वेगळी, जागा वेगळी, आकृती वेगळी. ही गोष्ट सरांनी अर्ध्या तासात उरकली. "सोपी आहे, वाचून घ्या," म्हणाले, आणि उरलेले सगळे तास ऐंशीला दिले. बाकीच्यांनी गाईड विकत आणलं आणि त्यातून आकृती पाठ केली. मी गाईड घेतलं नाही. ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलंय त्यानं गाईड कशाला घ्यायचं, अशी माझी घमेंड होती. परीक्षेत प्रश्न आला: लॅक ओपेरॉन आकृतीसह स्पष्ट करा. चार गुण. मी समजलो, दूध ते दूध. चार नंबरवाला लिहिला, ऐंशी नंबरवाला लिहिला, तीन नंबरवाला लिहिला आणि शेजारी रुमालाखालचा हात काढला. सरांपेक्षा चांगला काढला. तपासणाऱ्याला काय वाटलं असेल ते असो, त्यानं शून्य दिलं.

तेव्हा कृषी महाविद्यालयाचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होता. यादी माझ्यापेक्षा तीन गुण वर थांबली. वडिलांनी यादी वाचून घेतली, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी आले आणि म्हणाले, "तीनासाठी सौदा फिसकटला म्हण." पुढे ते ह्या विषयावर बोलले नाहीत. मी मात्र बोललो. सरांच्या दारात जाऊन बोललो.

"सर, आख्ख्या वर्गात तुमचं म्या एकट्यानं आयकलं. ज्यायनं नाई आयकलं ते पास झाले."

सर ओसरीत बसून लसूण सोलत होते. त्यांनी मला उत्तर काय लिहिलंस ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, रुमालाची आकृती कशी काढली तेही हातानं दाखवायला लावलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

"बरोबर आहे त शून्य काहून?"

"प्रश्न चुकीचा होता."

"प्रश्न बॅक्टेरियाचा होता सर. तुमी मले यीस्ट शिकवलं. म्हणा न की तुमच्यामुळं गेले म्हणून."

"तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. त्यात मी चूक कुठे दाखवू?"

मी त्यांच्या लसणाच्या सुपाला लाथ मारणार होतो. मारली नाही, कारण काकू समोर होत्या.

नंतर मी धंद्यात पडलो आणि वर आलो. खरं सांगायचं तर यार्डात माझं जे चालतं त्यात सरांच्या ऐंशीचा वाटा आहे. आवक दिसल्याशिवाय मी बोटं उघडत नाही. बाकीचे व्यापारी हंगामाच्या आधी गोदामं भाड्यानं घेऊन, हमाल बांधून तयार बसतात. मी रुमाल टाकून बसतो. माल आला की दुसऱ्या दिवशी माझं दुकान सगळ्यांत मोठं. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि मला म्हणाले, "मग तुझं नुकसान काय झालं?" अशानं माणूस पेटणार नाही तर काय.

सरांचं गावाकडे थोडं शेत होतं. एकदा ते सोयाबीन घेऊन माझ्याच दुकानी आले. मी मुद्दाम पडेल भाव सांगितला. म्हटलं, आता तरी तोंड उघडतील.

"बरं," सर म्हणाले.

"सर, यार्डात याच्यापेक्षा जास्त चालू हाय."

"असेल."

"मंग तुमी मांगत काहून नाई?"

"तू सांगितलास ना भाव."

मी वाढवला. ते बरं म्हणाले. मी आणखी वाढवला. हमाल उभे राहून बघायला लागले, कारण मालक एकटाच स्वतःशी बोली लावत होता. शेवटी मी यार्डातल्या सगळ्यांत वरच्या भावाच्याही पुढे गेलो आणि म्हणालो, "हा भाव देतो. पण तुमी एक म्हणा, ते चार गुण माझ्यामुळं गेले."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मग पहिलाच भाव दे."

हमाल हसले. मी त्यांच्यावर ओरडलो, सरांवर ओरडलो, काट्यावरच्या माणसावर ओरडलो. सर शांतपणे म्हणाले, "काहून वरडून राह्यला? चहा सांग." मी चहा सांगितला.

डिग्री का सोडली ते मला काकूंनी सांगितलं, एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो होतो तेव्हा. तेव्हाही मी सरांशी भांडतच होतो. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "तू चार गुणायचं काय घेऊन बसला रे. यायनं एका ओळीसाठी डिग्री सोडली."

भांडण ऐंशीवरूनच झालं होतं. गॅलॅक्टोज आल्यावर ऐंशी चार नंबरवाल्याच्या हातावरून उठून निघून जातो, की तिथेच बसून नुसता बाजूला सरकतो, यावर त्या काळी जाणकारांत दोन मतं होती. सरांचे मार्गदर्शक म्हणत, उठून जातो, तसं लिही. सरांना त्यांच्या प्रयोगात तो उठलेला दिसला नव्हता. सरकलेला वाटत होता, पण तेही पक्कं नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले, लिहून टाक, पुढचं पुढे बघू. सरांनी लिहिलं नाही. वर्ष गेलं, शिष्यवृत्ती संपली, सर थर्मास घेऊन परत आले.

"आणि मी बारावीत म्हणालो होतो की सौदा रुमालाखालीच होते," मी म्हणालो. "तवा तुमी खिडकीतून पाहत बसले."

"हो," सर म्हणाले. "मलाही तसंच वाटायचं."

"मंग कोण बरोबर निंघालं? तुमी का तुमचे मार्गदर्शक?"

"आता बरेच लोक त्यांच्या बाजूचे आहेत. उठून जातो म्हणतात. चांगले प्रयोग आहेत. मी चुकलो असेन." आणि तिळगुळाची वडी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

माझा आवाज चढला. "यीस्टच्या बाबतीत चुकलो म्हणता. माझ्या बाबतीत म्हणता येत नाई?"

"यीस्टच्या बाबतीत मला आता दिसलंय," सर म्हणाले. "तुझ्या बाबतीत मला अजून दिसलं नाही. तू लिहिलेलं चूक होतं असं मी म्हणालो, तर आपला तो दुसरा फुगा खोटा. तो मी सकाळी उभा पाहिला आहे."

काकू म्हणाल्या, "तुमी दोघं बी सारखेच हा. घ्या, चहा घ्या."

सर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या सत्काराचा घाट घातला. मंगल कार्यालय माझ्या ओळखीनं मिळालं, जेवण माझ्याकडून होतं, त्यामुळे मला स्टेजवर बसवलं. डॉक्टर झालेले, इंजिनियर झालेले एकेक जण उठले आणि सरांनी आम्हाला घडवलं वगैरे बोलले. ज्यांनी गाईड वाचलं होतं तेच हे सगळे. मी ऐकत होतो आणि आतून उकळत होतो. माझी पाळी आली तेव्हा मी माइक हातात घेऊन सरळ सांगितलं, "सरांनी ह्या सगळ्यांना घडवलं असेल. माझे चार गुण त्यांच्यामुळं गेले. मी इतकी वर्षं मागतो आहे, ते कबूल करत नाहीत. आज हजार माणसांसमोर विचारतो. सर, काय म्हणता?"

सभागृह हसलं. सूत्रसंचालक घाईघाईनं माइक घ्यायला आला. सरांनी त्याला हातानं थांबवलं. ते तेव्हा बरेच थकले होते, उठताना खुर्चीचा हात धरावा लागत होता. उठले. खिशातून रुमाल काढला, तोच चौकड्यांचा. मला म्हणाले, "ये इकडे."

आणि त्यांनी तो आमच्या हातांवर टाकला.

समोर माझ्या वयाची माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांनी बाजार पाहिलेला. त्यांना लगेच कळलं. टाळ्या सुरू झाल्या, मग आपोआप थांबल्या, कारण सौदा चालू असताना बाजारात कुणी आवाज करत नाही. खाली सरांनी माझं एक बोट धरलं. मी हात हालवला. दोन धरली. मी वडिलांसारखं दुसरीकडे पाहिलं, जणू मला ह्या सौद्यात रसच नाही. सरांनी तीन धरली. तीनवर तर यादी थांबली होती. मी जोरात हात हालवला आणि रुमाल सरकला, तो सरांनी दुसऱ्या हातानं नीट केला. कधी भाव न केलेला माणूस माझ्याशी भाव करत होता, आणि बरा करत होता. चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता.

मग सौदा जुळला. सरांनी रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "झालं. जेवायला चला."

किती दिले म्हणून त्या दिवशी प्रत्येक पंगतीत मला विचारलं गेलं. डॉक्टर झालेल्यांनी विचारलं, आचाऱ्यानं विचारलं, चाचांच्या पोरानं पावाची टोपली खाली ठेवून विचारलं. मी एकच उत्तर दिलं, "रुमालाखालचं सांगत नसते." घरी बायकोनं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. त्यानंतर मी सरांकडे चार गुणांचा विषय काढला नाही. सरांनीही काढला नाही. मी त्यांच्याकडे जायचो, ते यीस्टबद्दल बोलायचे, मी सोयाबीनबद्दल बोलायचो आणि काकू दोघांचंही ऐकत नसत.

यंदा सर गेले. वडिलांचा नियम मी मोडलेला नाही. सौद्यातला एक जण बाजारातून निघून गेला आहे, आता भाव सांगायला हरकत नाही.

तीनच्या पुढे सरांनी चौथं बोट धरलं. चार म्हणजे माझे चार. मी होकाराची मान हालवणार, तेवढ्यात त्यांनी अंगठाही आत घेतला आणि पूर्ण पंजा धरला. धरून ठेवला. मी बाजारात वाढलोय. पंजा म्हणजे पाच, त्याचा दुसरा अर्थ होत नाही. मागितलं त्याच्या पुढे जाऊन देणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. शेवटी तो माणूस आपल्या स्वभावावर गेलाच.

चार गुणांच्या प्रश्नाला मला पाच मिळाले आहेत. वरचा एक अजून माझ्याकडे आहे आणि तो परत घ्यायला कुणी नाही. ऐंशी उठून निघून जातो की नुसता बाजूला सरकतो, यावर बऱ्याच लोकांचं मत ठरलेलं असेल. माझं अजून ठरलेलं नाही.